परवानाधारक सौ. सुलक्षणा

बोर्ड रंगवणाऱ्याचा फोन आला तेव्हा सुलक्षणा भाकरी थापत होती. हात पिठाचे, म्हणून नववीतल्या दीक्षानं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

“मॅडम, नावाआधी सौ. घालू का श्रीमती?”

“कुणाच्या नावाआधी?”

“तुमच्याच की. बोर्डाच्या खाली लिहायचंय, परवानाधारक म्हणून. साहेब म्हणाले, मॅडमला विचारा.”

सुलक्षणानं लेकीकडं बघितलं. दीक्षा भूगोलाच्या पुस्तकात बघत होती, पण पान उलटायचं थांबली होती. “सौ. घाला,” एवढंच म्हणून सुलक्षणानं पिठाच्याच बोटानं फोन बंद केला. तव्यावरच्या भाकरीला तोवर काळे डाग पडले होते.

उन्हाळ्यात विश्वजीतनं, तिच्या नवऱ्यानं, तिच्यापुढं कागदांचा गठ्ठा ठेवला होता. गाव मांडवगण फराटा. तिथं ऊस, घर आणि सासू-सासरे. दीक्षाच्या शाळेसाठी हे तिघं शिरूरला राहायला आलेले. सासऱ्यांनी, मच्छिंद्र आबांनी, फार पूर्वी बायपासच्या आतल्या अंगाला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथं बांधलेल्या गाळ्यांत परमिट रूम काढायचं विश्वजीतच्या डोक्यात आलं. पण त्याच्या डोक्यात आणखीही एक होतं. साखर कारखान्याच्या येत्या निवडणुकीत त्याला संचालक म्हणून उभं राहायचं होतं. परवाना स्वतःच्या नावावर असता, तर समोरच्या पॅनेलनं प्रत्येक सभेत तेच वाजवलं असतं. बायकोच्या नावावर असला की माहीत सगळ्यांना असतं, पण माइकवर कुणाला बोलता येत नाही.

“नुसती सही कर,” तो म्हणाला होता. “तिकडं ढुंकून बघायचं पण काम न्हाई तुला.”

तिनं सह्या केल्या. एकदा पुण्याला जाऊन एका साहेबापुढं उभीही राहिली. साहेबानं विचारलं, “तुम्हीच चालवणार का?” ती तोंड उघडायच्या आत विश्वजीतनं “हो” म्हणून टाकलं.

सुलक्षणा मूळची दौंडची, रेल्वे क्वार्टरमधली. वडील पॉइंट्समन, खटका ओढून गाडीचे रूळ बदलणारे. ड्युटीवरून आले, जेवले, आडवे झाले तरी त्यांच्या डोळ्यापुढं रूळच असत. कधी कधी अर्ध्या झोपेतून उठून ते आईला विचारत, “मी खटका नीट टाकला होता ना गं?” आईला काय ठाऊक! पण ती “हो हो, टाकला होता” म्हणायची, मग ते झोपायचे. वडिलांची ती काळजी सुलक्षणात जशीच्या तशी उतरली होती. गॅस बंद केल्यावर ती दोनदा बघायची. दीक्षाची सहल निघाली की बसच्या ड्रायव्हरचं नाव विचारून घ्यायची. सासरी तिची यावरून चेष्टा चाले. सासू साखरबाई पाहुण्यारावळ्यांत सांगायच्या, “आमची सून कुलपाला कुलूप लावती.” सुलक्षणा हसायची, पण हसताना मागचं दार लावलंय का, याकडं तिचं अर्धं लक्ष असायचं.

सह्या केल्यापासून मात्र तिच्या काळजीला नवीनच जागा सापडली होती. ज्या जागेत आपण पाऊल टाकलेलं नाही, तिथं जे होईल ते आपल्या नावावर होणार. तिथं कोण येणार, किती पिणार, पिऊन काय करणार, याची तिला कल्पनाच करता येत नव्हती. आणि जिची कल्पना करता येत नाही ती काळजी मनाला कुठंच बसू देत नाही.

बोर्डवाल्याच्या फोनला दोन-तीन दिवस झाले असतील, दुपारी ज्योतिबा दारात आला. हा बारचा होणारा मॅनेजर. धनगराचा, कुरकुंभकडच्या एका वाडीतला. आज्याची मेंढरं होती, बापानं शेती धरली, आणि ज्योतिबानं पोरवयात हॉटेलात टेबलं पुसायला सुरुवात करून पुढं दौंड ते भिगवणपर्यंतचे बार पालथे घातले. आता पन्नाशीचा, केस पिकलेले, बोलणं हळू. तो आत येऊन बसला, पाणी प्याला, आणि पिशवीतून स्टीलची दोन मापं काढून त्यानं टीपॉयवर ठेवली.

“वैनी, मालक फोन उचलंनात. प्रचारात असत्याल. म्हून तुमच्याकडं आलो.”

“काय आहे हे?”

“पेगाचं माप. ह्याच्यावर बी तीस मिली लिवलंय, ह्याच्यावर बी तीसच लिवलंय. पन ह्यात तीस बसतंय आन् ह्यात बसत न्हाई.”

सुलक्षणानं दोन्ही हातात घेतली. सारखीच दिसत होती. ती उठली, आतून दीक्षाच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन आली. त्याच्यावर दहाची रेघ होती. तीन झाकणं पाणी पहिल्या मापात ओतलं, बरोबर काठाला लागलं. दुसऱ्यात ओतलं, तर तिसरं झाकण पुरतं रिकामं व्हायच्या आतच पाणी टीपॉयवर सांडलं.

“असलं माप मिळतं बाजारात?”

“मागंल त्याला मिळतंय. मालक म्हनले, कुठलंबी आन, लवकर आन. पन वजनमापवाले आले आन् ह्याच्यावर शिक्का न्हाई घावला, तर मला कोन विचारनार न्हाई. नाव तुमचं हाय. मी काय, आज हितं, उद्या दुसरीकडं.”

सांडलेलं पाणी टीपॉयच्या काचेखाली शिरत होतं. सुलक्षणा तिथंच बघत बसली. मग म्हणाली, “मामा, अजून काय काय घ्यायचं राहिलंय?”

“सगळंच. नुसत्या भिंती हायत.”

त्या संध्याकाळी विश्वजीत जेवायला बसला तेव्हा तिनं त्याला वाढता वाढता सांगितलं, “बारमध्ये जी वस्तू जाईल ती मी बघून घेणार. ज्योतिबा मामांना बरोबर घेऊन.”

विश्वजीत हसला. “तू? तुला काय कळतंय त्यातलं?”

“कळत न्हाई म्हणूनच बघणार. नाव माझं हाय.”

त्याच्या फोनवर तेवढ्यात चार गावांतून चार कॉल आले. त्यानं हातानंच ‘बघ’ अशी खूण केली आणि भात कालवता कालवता बोलायला लागला. “फक्त साड्या घेतल्यासारखं दुकान दुकान करू नको,” हे त्यानं फोनवर हात ठेवून सांगितलं.

तिनं दुकान दुकानच केलं. पुण्याला एका मोठ्या शोरूममध्ये तिला खालून निळा उजेड पडणारं बाटल्यांचं शेल्फ दाखवलं, नळ लावलेला उंच बिअर टॉवर दाखवला, आरशाची भिंत दाखवली. दुकानदार ज्योतिबाकडं बघून बोलत होता आणि प्रश्न सुलक्षणा विचारत होती. “लाइट गेली तर हा फ्रिज किती वेळ थंड राहतो?” “ह्याला कुलूप आहे का?” “आरसा फुटला तर तुकडे होतात का चुरा होतो?” आरशाच्या प्रश्नाला दुकानदार गोंधळला. “मॅडम, आरसा कशाला फुटेल?” सुलक्षणाला वाटलं, बार काढणाऱ्याला हा प्रश्न पडत नसेल, तर आपणच वेडे असू. बाहेर येऊन तिनं ज्योतिबाला विचारलं. तो म्हणाला, “फुटतोय की. दिवाळीला आन् शिमग्याला हमखास.” आरसा घ्यायचा राहिला.

बाटल्यांसाठी तिनं काचेच्या दाराचे दोन उभे फ्रिज घेतले, कुलपाचे. ग्लास ज्योतिबाला पातळ हवे होते, हातात शोभतात म्हणून. तिनं जाड बुडाचे घेतले, आणि त्यावरून दोघांची रस्त्यातच थोडी बाचाबाची झाली. “वैनी, ह्यो दुधाचा गिलास वाटतोय,” असं म्हणून तो पार्किंगपर्यंत गप्प चालला. पुढं त्याचंच खरं निघालं. जाड ग्लासांत दारू कमी दिसते म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली आणि निम्मे ग्लास बदलावे लागले.

बर्फाचं तर तिनं भलतंच मनावर घेतलं. ज्योतिबा म्हणाला, बर्फाची लादी रोज टेम्पोनं येते, फोडून वापरायची. कुठून येते ते बघायला ती त्याला घेऊन गेली. तिथं ओल्या फरशीवरून एक माणूस आकड्यानं लादी ओढत होता, रबरी चपला घालून, आणि त्याच फरशीवरून पलीकडं मासळीचे क्रेट चालले होते. घरी येईपर्यंत कुणाला जुलाब झाले, कुणी दवाखान्यात गेलं, कुणी डॉक्टरला सांगितलं की काल अमक्या बारमध्ये बसलो होतो, इथपर्यंत तिचं मन पोचलं. दुसऱ्या दिवशी तिनं बर्फाचं मशीन सांगून टाकलं, पाण्याच्या फिल्टरसकट.

विश्वजीतला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. “बर्फ विकायचाय का आपल्याला? लोकं दारू प्यायला येणार हायत, बर्फ खायला न्हाई.” आणि त्यानंच मग दौंडकडची गोष्ट काढली. कुरकुंभच्या अलीकडं एक बार बंद पडला होता. काउंटर, टेबलं, खुर्च्या, फ्रिज, सगळा सेट एका दमात मिळत होता. “उद्या जा, बघ, आन् उचलून आण. विषय संपला.”

ती आणि ज्योतिबा न्हावऱ्यावरून निघाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता. दौंड आलं तसं तिला बरं वाटलं, माहेरचं गाव. पण गाडी स्टेशनकडं न वळता कुरकुंभच्या रस्त्याला लागली. कंपन्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या, पहिल्या पाळीच्या बसगाड्या उभ्या दिसल्या. बारचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेल्यावर डोळ्यांना काही दिसेना. मग एक बाई दिसली, तिच्याच वयाची, डोक्यावर पदर, फडक्यानं काउंटर पुसत असलेली. पुसून पुसून तिनं तो चकाचक केला होता.

“या ताई. मी प्रतिभा.” तिनं प्लॅस्टिकची खुर्ची ओढून दिली. “बघा, सगळं चालू हाय. फ्रिज लावून दाखवते.”

ज्योतिबा फ्रिजच्या मागं वाकून कॉम्प्रेसर बघायला लागला. सुलक्षणानं टेबलांवरून हात फिरवला. माल चांगला होता. जेमतेम वापरलेला. मग तिनं सहज विचारलं, “बंद का केला?”

प्रतिभानं फडकं घडी घालून ठेवलं. “केला न्हाई, झाला. परवाना गेला. माझ्याच नावावर होता.”

सुलक्षणा खुर्चीच्या टोकाला आली. “तुमच्या?”

“मालकांना दुसरीकडं नोकरी होती, त्यांच्या नावावर चालत नव्हता. म्हून माझ्या. मी कधी आलेच नव्हते हितं. घर तिकडं वाडीला. एक दिवस एक पोरगं आलं, कॉलेजातलं. एकवीस बी पुरं न्हवतं. वेटरनं विचारलं न्हाई, बिअर दिली, मग अजून दिली. ते पोरगं बाहेर पडलं, मोटरसायकलीवर बसलं आन् हायवेला ट्रेलरखाली गेलं.”

बाहेरून एक जड गाडी गेली. शटर हललं.

“मी त्या दिवशी रानात कांदे काढत होते,” प्रतिभा म्हणाली. “पोलिस रानात आले. म्हणले, तुमच्या बारचा पंचनामा हाय, चला. हा बार मी आतनं पहिल्यांदा बघितला तो पंचनाम्याला. कुठलं टेबल, कुठं बसला होता, मला विचारायला लागले. मला काय माहीत?”

“मग आता?”

“आता तारखा. त्या पोराची आई येती दर तारखेला. बाकावर समोर बसती आन् माझ्याकडं बघती. तिला वाटतं, मीच दिली त्याला. मला तिला सांगावंसं वाटतं की बाई, मी नव्हते. पण मग वाटतं, ‘नव्हते’ हे काय सांगायचं? तेच तर चुकलं.”

ज्योतिबा फ्रिजमागून उभा राहिला. “वैनी, माल एक नंबर हाय. घ्या डोळं झाकून.”

सुलक्षणा खुर्चीवरून उठली. मघाशी ज्यांच्यावरून हात फिरवला त्या टेबलांकडं तिला बघवेना. यातल्याच कुठल्या तरी टेबलावर तो बसला असेल. तिनं “नको” म्हणायला तोंड उघडलं आणि प्रतिभाचा चेहरा बघून तिला तेही म्हणता येईना. प्रतिभालाही ते कळलं असावं. ती आतल्या बाजूला गेली आणि म्हणाली, “टेबलं राहू द्या. पण हे सिंक तरी बघा. तीन भांड्यांचं हाय, स्टील जाड हाय. तुम्हाला लागंलच.”

सिंक खरोखर चांगलं होतं. सुलक्षणानं ते घेतलं. टेम्पोत चढवताना प्रतिभानं एका बाजूनं हात लावला.

परत येताना ज्योतिबानं दोनदा विषय काढला आणि सोडून दिला. मांडवगणला गाडी थांबवून ती घरी पाणी प्यायला गेली. साखरबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. सुनेचं तोंड बघून त्यांनी विचारलं, “काय गं, मेल्यावानी दिसतीस.” सुलक्षणानं जे ऐकलं ते सगळं सांगितलं. साखरबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “मला पयल्यापास्नं हे पसंत न्हवतं. पर मला कोन विचारतंय!” सुलक्षणाला वाटलं, मलाही कुणी विचारलं नव्हतं, फक्त सही मागितली होती.

शिरूरला विश्वजीत वाट बघत होता. टेम्पोतून एकटं सिंक उतरलेलं बघून त्याचा चेहरा लाल झाला.

“अख्खा सेट सोडून हे आणलं?”

“टेबलं आपण नवीन करून घेऊ. आन् अजून एक गोष्ट लागणार हाय.”

“आता काय?”

“दाराशी एक खोली. छोटी. रस्त्याकडनं वेगळं दार आन् आतल्या बाजूला काच. तिथं टेबल-खुर्ची. मी दिवसा तिथं बसणार.”

विश्वजीतनं इकडंतिकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तू बारमध्ये बसणार? जगतापांच्या घरातली बाई? इलेक्शन तोंडावर हाय, सुलक्षणा. समोरचे काय म्हणतील? बायकोला बारमध्ये बसवलं म्हणतील.”

“मग नाव काढा माझं.”

“आता कसं निघंल? सगळं परत पहिल्यापासनं करावं लागंल.”

“मग मी बसणार.”

“मॅनेजर कशाला ठेवलाय मग?”

“कुरकुंभच्या त्या प्रतिभाचा पण मॅनेजर होताच की. तिचं नाव परवान्यावर आन् ती रानात. पोलिस रानात गेले.” तिचा आवाज कापत होता. भांडताना तिचा आवाज नेहमीच कापायचा आणि त्यामुळं आजवर ती बहुतेक भांडणं हरलेली होती. “अहो, मला भीती वाटते. घरी बसून जास्त वाटते. तिथं बसून निदान दिसंल तरी.”

तो दार आपटून बाहेर गेला. दोन दिवस त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. शेवटी मच्छिंद्र आबांनी फोनवर निकाल दिला. आबा फार न बोलणारा माणूस. ते लेकाला म्हणाले, “तिची सही चालती, मग तिची खुर्ची का चालत न्हाई?” विश्वजीतनं गवंड्याला बोलावलं, पण स्वतः ते बांधकाम बघायला आला नाही.

दसऱ्यानंतर बार सुरू झाला. खोलीत सुलक्षणाची खुर्ची, एक पंखा, कॅमेऱ्याचा पडदा आणि काच. काचेतून तिला टेबलांच्या दोन रांगा दिसत. पहिले आठ-दहा दिवस कुणी मोठ्यानं हसलं की ती दचकायची. कुणी उठून मोटरसायकलकडं निघालं की ती त्याच्या पावलांकडं बघायची, सरळ पडतायत का. एकदोनदा तिनं ज्योतिबाला मागं पाठवून माणसाला रिक्षात बसवलं. लोकांना ते आवडलं नाही. “दारू देता आन् वर मास्तरकी करता,” असं एकजण तोंडावर बोलून गेला. शाळेतल्या पालकसभेत दोन बायकांनी तिच्याशेजारची खुर्ची सोडून पलीकडं बसायचं पसंत केलं. दीक्षा त्याबद्दल बोलली नाही, पण तेव्हापासून तिनं मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. हे सुलक्षणाला बारमधल्या कशाहीपेक्षा जास्त लागलं.

आणि मग साईचं प्रकरण झालं.

एका दुपारी सहा-सात पोरांचं टोळकं आलं. त्यातला एक शेलाटा, मिशीचा नुसता धुरळा, पाठीला सॅक. त्यानं व्हिस्की सांगितली, जिला पंचवीस वर्षं पुरी लागतात. सुलक्षणानं काचेतून बघितलं. ती खोलीतून उठून सरळ टेबलापाशी गेली. बारमध्ये सगळे गप्प झाले.

“दादा, वय काय तुझं?”

“सत्तावीस.”

“आधार कार्ड दाखव.”

“घरी हाय.”

“मग घेऊन ये. तोवर मिळणार न्हाई.”

मित्र हसायला लागले. पोरगा कानापर्यंत लाल झाला. “मला ओळखत न्हाई का तुम्ही? सर्जेराव पाटलांचा साई मी.”

सर्जेराव म्हणजे विश्वजीतच्या पॅनेलचा कणा. नदीकाठच्या चार गावांतली मतं त्यांच्या शब्दावर पडायची. सुलक्षणाला हे नाव पुरतं ठाऊक होतं. पण तिला समोर त्या पोराच्या जागी दुसरंच एक पोरगं दिसत होतं, जे तिनं कधी बघितलं नव्हतं. “असशील,” ती म्हणाली. “कार्ड घेऊन ये.”

टोळकं उठून गेलं. जाताना एकानं खुर्ची पाडली.

तासाभरात विश्वजीत आला. “सत्तावीसचाच हाय गं तो! त्याचं लगीन ठरलंय! मी सुपारीला जेवून आलोय!”

सुलक्षणा मटकन खुर्चीत बसली. “मला लहान वाटला हो.”

“लहान वाटला! माझं वाटोळं केलंस तू. आता चल. माझ्याबरोबर यायचं आन् माफी मागायची.”

सर्जेरावांच्या ओसरीवर दोघं गेले. सर्जेराव सोफ्यावर पेपर वाचत होते, वाचतच राहिले. विश्वजीत हात जोडून बोलत होता. सुलक्षणा उभी राहिली आणि म्हणाली, “आप्पा, चूक झाली. माझा अंदाज चुकला. पण परत कुणी असं आलं, तर मी परत विचारणार. ते मात्र मला माफ करा.” विश्वजीतनं डोळे मिटून घेतले. सर्जेरावांनी पेपर खाली केला, तिच्याकडं बघितलं, आणि पेपर परत वर केला.

सर्जेरावांच्या बायकोनं, सुषमाकाकूंनी, तिला आत बोलावलं. चहाचं आधण ठेवत त्या हळूच म्हणाल्या, “हे दुपारचं पितं, मला ठाऊकच न्हवतं बघ. पुढच्या महिन्यात हळद लागायची हाय त्याला.” मग त्यांनी चहात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली.

निवडणुकीत विश्वजीत पडला. थोड्याच मतांनी पडला. नदीकाठच्या गावांतून मतं कमी आली, हे खरं. पण ती साईमुळं, उसाच्या भावावरून की आणखी कशामुळं, हे कुणालाच सांगता आलं नाही. विश्वजीतनं तोंडानं बायकोला दोष दिला नाही. नुसता मांडवगणला जाऊन राहिला, उसाला पाणी देत. सुलक्षणा रोज बारला जायची, रोज घाबरायची आणि रोज बसायची. काळजी कमी झाली म्हणावं, तर झाली नाही. पण आता ती कशाची करायची हे तिला माहीत होतं. दारातली निसरडी फरशी, मागच्या बाजूचा अंधार, नवीन लागलेला वेटर जो कुणालाच नाही म्हणत नाही. एकेका गोष्टीला ती हात घालत होती. मागं दिवा लावला. वेटरला ज्योतिबाच्या हाताखाली दिलं. दीक्षाच्या मैत्रिणींना मात्र कसं परत आणायचं, ते तिला सुचलेलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी बार उघडायच्या आधी विश्वजीत आला. उन्हानं रापला होता. तो आत फिरला, फ्रिजची दारं उघडून बघितली, ग्लासांच्या रांगेपाशी थांबला. मग तिच्या खोलीत आला. खोलीत खुर्ची एकच होती, म्हणून तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

“चहा सांगू का?” त्यानं विचारलं.

“सांगा. ज्योतिबा मामांना पण.”

टपरीवरून चहा आला. तिघांनी तो बारच्या काउंटरवर ठेवून घेतला. विश्वजीतनं दुसरी खुर्ची कुठं मावेल, असं सहज विचारलं. सुलक्षणा खोलीकडं बघून अंदाज घेत होती, तेवढ्यात बाहेर मोटरसायकल येऊन थांबल्याचा आवाज झाला. तिनं चहा तसाच खाली ठेवला आणि कोण आलंय ते बघायला दारापाशी गेली.